लाल ठिपक्याची कॅसेट

"बंद कर! तें बंद कर आधीं!"

गोदाबाईंनी हे एवढ्या जोरात म्हटलं की स्वयंपाकघरात कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये दूध ओतत असलेल्या गिरिधररावांचा हात हलला आणि निम्मं दूध ओट्यावर गेलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज या पट्टीला गेलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना आधी वाटलं, साप निघाला. कावेरीकाठच्या घरात साप निघणं काही नवलाचं नाही.

दारामागची काठी घेऊन ते बाहेर आले. साप नव्हता. दोन पाहुणे सोफ्यावर होते तसेच बसले होते, चोविशीतली एक मुलगी आणि तिशीचा एक दाढीवाला तरुण. दोघांच्या अंगात काळे टी-शर्ट आणि छातीच्या मधोमध एकेक लाल ठिपका. टीपॉयवर मुलीचा फोन होता. त्या फोनमधून कुणी बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती, मागे पत्र्याचे डबे बडवले जात होते आणि भाताची गिरणी बिघडावी तशी एक करकर सगळ्यावर पसरली होती. मुलीने घाईघाईने फोन बंद केला.

"कोण वोरडतें?" गिरिधररावांनी विचारलं.

"कोणी नाहीं," गोदाबाई म्हणाल्या. "ह्यांचें घर चुकलें. दुसरी गोदा असेल कोणी."

पण त्यांनी पदर बोटांभोवती गुंडाळायला घेतला.

खरं तर या पाहुण्यांना त्यांनीच घरात घेतलं होतं. सकाळी दहाला बेल वाजली, दारातल्या मुलीने "मामी, आंत येऊं कां?" असं चक्क घरच्या भाषेत विचारलं, आणि गोदाबाई विरघळल्या. कुंभकोणमच्या रस्त्यावर तमिळ बोलायचं आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा त्यांच्या घराण्याचा साडेतीनशे वर्षांचा नेम. उंबऱ्याच्या बाहेरून ती भाषा आली की माणूस आपलाच. त्यांना वाटलं, आपल्या इकडच्या मराठी लोकांच्या संघाची माणसं असतील, घराघराची नोंद करत फिरत असतील. म्हणून त्यांनी बसा म्हटलं, आणि नवऱ्याला कॉफी करायला पिटाळलं.

मुलीचं नाव कीर्ति. चेन्नईची, पण घराणं इकडचंच. तरुणाचं नाव साईकुमार. तो तमिळ बोलणारा, गाण्यांचं ध्वनिमुद्रण करणारा. नोंद वगैरे काही नव्हती. कीर्तिने पाणी पिऊन झाल्यावर एकदम हात जोडले, आणि "मामी, तुम्हांला पाहायाला बारा वर्षें थांबलों अस्कि लोक," असं म्हणून तो फोन लावला. घरच्या बोलीत अस्कि म्हणजे सगळे.

गोदाबाईंना कुणी पाहायला यावं असं त्यांच्या आयुष्यात काहीही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा केली. अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. आवाजाला चढ नाही, उतार नाही. गाडी वेळेवर असो की चार तास उशिरा, आवाज तोच. वरिष्ठ म्हणत, गोदाबाईंच्या आवाजात कधी भाव सापडत नाही, हीच खरी घोषणा. मग यंत्र आलं आणि त्या चौकशीच्या खिडकीत बसल्या, तिथूनच यंदा निवृत्त झाल्या. गावातल्या प्रत्येकाने त्यांचा आवाज ऐकला होता आणि कुणालाही तो कुणाचा हे ठाऊक नव्हतं. त्यांना ते बरं वाटे.

"मामी," कीर्ति हळूच म्हणाली, "मी म्हणून दाखवूं? पाठ आहे मज."

आणि तिने तिथंच सोफ्यावर, गुडघ्यावर ताल धरून, चेहरा लालबुंद करून म्हणायला सुरुवात केली.

"हांसूं नोको! वांकून चाल! तोंड झांक! हळू बोल! कोण पाहील? पाहूं दे! कोण ऐकेल? ऐकूं दे!"

गिरिधरराव आ वासून पाहत राहिले. गोदाबाईंनी मात्र ओळखलं. हे शब्द त्यांचे होते. एकोणीस वर्षांच्या असताना आईने, आत्याने, शेजारच्या बायकांनी दिवसातून दहा वेळा ऐकवलेलं सगळं त्यांनी एका दुपारी तोंडाला येईल तसं परत फेकलं होतं. ते ऐकणारी दोन माणसं होती आणि दोघंही आता जगात नव्हती. मग या परक्या पोरीच्या तोंडात हे आलं कुठून?

"तुज हें कोण सांगिटलें?" त्यांनी विचारलं. एवढं बोलल्यावर नाकारण्यात अर्थ उरला नाही हे त्यांना बोलल्यानंतर कळलं.

साईकुमारचे डोळे भरून आले. एवढा दाढीवाला माणूस, पण ओठ चावत छताकडे बघू लागला. मग त्याने तमिळमध्ये सगळं सांगितलं, आणि ऐकताना गोदाबाईंना आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतोय असं वाटत होतं.

बारा वर्षांपूर्वी चेन्नईच्या जुन्या बाजारात एका माणसाला भंगारात एक कॅसेट सापडली होती. वर नाव नाही, गाव नाही, फक्त लाल ठिपका. आत साडेअठरा मिनिटं, दहा गाणी. त्याने ती इंटरनेटवर चढवली. या प्रकाराला पंक म्हणतात, साईकुमार म्हणाला, साहेबाच्या देशातल्या पोरांनी काढलेला. सूर तीन, राग भरपूर आणि घाई त्याहून जास्त. आपल्याकडे कॅसेटींच्या काळात असं कुणी केलं असेल यावर कुणाचा विश्वास बसेना. मग ती ऐकणारे वाढत गेले. पोलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, जपानमध्ये, इकडे कोहिमात. नाव नव्हतं म्हणून लोकांनीच नाव ठेवलं, 'रेड डॉट'.

"तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटते आणि वाजवणारा थांबत नाही," तो म्हणाला. "पाचव्यात कोंबडा आरवतो, आणि तुम्ही त्याच्यावरही ओरडता. सातव्यात तुम्हाला ठसका लागतो, आणि डबे वाजवणारा तो ठसका तालात घेतो. अम्मा, मी वर्षभर स्टुडिओत बसून लोकांचे ठसके पुसतो. हे ऐकलं की वाटतं, मी आजवर केलं ते सगळं पुसायचं काम आहे."

"आणि भाषा," कीर्ति म्हणाली. "कोणास कळेना. कोणी म्हणे जिप्सींची, कोणी म्हणे हिनेंच केलेली. मी सतरा वर्षांची होतें, हॉस्टेलांत. कोणी तरी लावलें आणि मी उठूनु उभी राहिलीं. माझी अम्मा मज हेंच म्हणत होती, हेंच अस्कि! मी लिहिलें, ही आमच्या घरची भाषा, ही आमची बायको-माणूस आहे."

गाण्यांच्या मधे एक पुरुष दोनदा म्हणतो, "गोदा, अजून एक." तेवढ्या धाग्यावरून ती पोर शोधत आली होती. आपल्या लोकांत चाळीसएक वर्षांमागे कुणाकडे विजेची गिटार होती? एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, जहाजावर नोकरी करणारा विजयराघव होता, त्याची आतेबहीण गोदा कुंभकोणम स्टेशनवर आहे.

विजयराघव. मामाचा मुलगा. गोदाबाईंच्या मनात त्याचं लांब नाक, परदेशी सिगारेटचा वास आणि पायातले ते भलेमोठे बूट एकदम उभे राहिले. तो एक्याण्णव साली कावीळ होऊन गेला. डबे वाजवणारा कल्याणराम, गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा, तोही परवाच्या करोनात गेला.

"पण ती कॅसेट त्यानें कावेरींत टाकली होती," त्या पुटपुटल्या. "मज वचन दिलें होतें."

"टाकली नाहीं, मामी. ते काका म्हणाले, मद्रासला नेऊनु पन्नास करवल्या. कॅसेटींच्या डब्यांवर ठिपका छापवला." कीर्तिने मनगट पुढे केलं. तिथे तोच लाल ठिपका कायमचा गोंदलेला होता. "ही तुमची खूण. जगांत किती लोकांच्या अंगावर आहे, ठाऊक?"

गोदाबाईंनी त्या मनगटाकडे पाहिलं. ती त्यांची खूण नव्हती. ते कुंकू होतं, आणि ते कुणी कशासाठी लावलं होतं हे जगात आता त्यांच्याशिवाय फक्त एका माणसाला माहीत होतं.

साईकुमारने पिशवीतून वही काढली. त्यांना याची तबकडी काढायची होती, नावानिशी. गाणार गोदा, गिटार विजयराघव, डबे कल्याणराम, सगळं लिहून झालं. मग तो म्हणाला, "एकच नाव राहिलं, अम्मा. नवव्या आणि दहाव्याच्या मधे एक म्हातारे गातात. अकरा सेकंद. काही लोक म्हणतात रेडिओवरून घेतलं, काही म्हणतात मुद्दाम केलेली करामत. आणि मागे काहीतरी किणकिणतं, किल्ल्या किंवा पेले. पोलंडमधला एक जण फक्त तेवढंच ऐकतो, रोज. ते कोण आहेत?"

"कोण म्हातारे?" गोदाबाईंनी विचारलं. त्यांना कळलं होतं. कळूनही विचारलं.

साईकुमारने फोन लावला.

आधी डबे थांबले. कुणीतरी हसलं. मग खट् असा आवाज, आणि त्या खोलीत राजगोपाल भागवतर गाऊ लागले. विठ्ठलाचं नुसतं नाव. वर जाण्याआधी त्यांची ती किंचित घसा खाकरायची सवय, मग नाव वर, आणखी वर, आणि तिथं टेकून पुन्हा खाली यायला निघालेलं. खाली पोचायच्या आतच खट्. आणि लगेच ती किंकाळी. शब्द नसलेली, चाळीस सेकंदांची, मघाशी गोदाबाईंनी बंद करायला लावलेली.

"अप्पा," गोदाबाई म्हणाल्या. साईकुमारने फोन थांबवला.

गिरिधरराव बायकोशेजारी येऊन बसले. सासऱ्यांना त्यांनी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण राहिलं नाही, होतं ते एक चोरीला गेलं, हे लग्न ठरतानाच त्यांना सांगण्यात आलं होतं.

कीर्ति पुढे सरकली. तिला थांबवेना. "हें शेवटचें, मामी. अस्कि लोक ह्यास 'दहावें' म्हणतात. पहिल्या वर्षीं हॉस्टेलांत तीन महिने मी कोणाशीं बोललीं नाहीं. रोज संध्याकाळीं हें ऐकत होतें. मज वोरडतां येईना, तुम्ही माझ्यासाठीं वोरडत होतां. एवढें धाडसाचें गाणें—"

"गाणें नव्हें तें," गोदाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. एक्केचाळीस वर्षं जे नवऱ्याला नाही, देवाला नाही, ते दोन टी-शर्टवाल्यांसमोर, स्टेशनवरच्या त्याच सपाट आवाजात सांगितलं.

भागवतरांच्या गळ्यावर त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. मठात एकादशीचं भजन त्यांच्याशिवाय उभं राहत नसे, तो माणूस पाटीवर खडूने लिहून पाणी मागू लागला. पण त्याआधीच्या कार्तिकात तिरुविसनल्लूरच्या उत्सवात त्यांचा शिष्य विश्वेश टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता. हातात झांज, पायाशी यंत्र. ती एक कॅसेट घरात होती. भागवतर आठवड्यातून दोनदा-तीनदा सकाळी ती लावून डोळे मिटून बसत आणि स्वतःला ऐकत.

कॅसेटवर पेनने लिहिलेलं त्यांना चालत नसे. देवाचं नाव आत असताना वर शाईने काय खरडायचं? भरलेल्या कॅसेटला ते कुंकवाचा ठिपका लावत, कोऱ्या तशाच. घरात पाच कॅसेटी होत्या, चार कोऱ्या, एक ठिपक्याची.

त्या वर्षी सरस्वतीपूजेला घरातलं सगळं पुसून त्याला गंध-कुंकू लावायचं काम गोदाकडे होतं. तमिळ मुलखात त्या दिवशी काही म्हणजे काही सुटत नाही. पुस्तकं, तंबोरा, विळी, कात्री, जातं, भावाची सायकल, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागतं. गोदाने टेपरेकॉर्डरला लावलं, आणि झोकात पाचही कॅसेटींना लावलं. लावून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि तिने भरलेली कॅसेट ढिगाच्या तळाशी सरकवली. हे तिला पक्कं आठवत होतं. संध्याकाळी आरतीच्या आधी आईने एकेक कॅसेट उचलून तो ढीग पलीकडे उलटा मांडला, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मांडलेलं सगळं उचलून पुन्हा कामाला लावायचा दिवस, नवी विद्या सुरू करायचा दिवस. विजयराघव म्हणाला, "आमची विद्या आजच सुरू करूं." तिघं सायकली हाणत तिरुवलंचुळीला मामाच्या तांदळाच्या गोदामात गेली. गोदाने सगळ्यात वरची कॅसेट उचलून नेली होती.

"विजयराघव म्हणाला, लावून पाहूं कां, कोरी आहे न? मी म्हंटलें, नोको, मज ठाऊक आहे. घाई होती मज. जन्मांत पहिल्यांदा कोणी मज मोठ्यानें वोरड म्हंटलें होतें."

एकेक गाणं झालं की ते मागे नेऊन ऐकत. नववं ऐकताना कल्याणराम हसत होता, कुणी वेळेवर कळ दाबली नाही, आणि गाणं संपून टेप पुढे गेली. पुढे अप्पा गात होते. विजयराघवला काही समजलं नाही. त्याला वाटलं, आधीचं काहीतरी राहिलंय. त्याने "गोदा, अजून एक," म्हटलं आणि नेहमीसारख्या रेकॉर्डच्या दोन्ही कळा दाबल्या.

"तेव्हां मी वोरडलीं," गोदाबाई म्हणाल्या. "त्या दोघांस गाणेंच वाटलें, ते वाजवत राहिले. पुढें टेप कोरी होती. अप्पांना मीच पुसलें, हें तेव्हां कळलें मज. तेंच तुमचें दहावें."

कीर्तिने मनगटावरचा ठिपका दुसऱ्या हाताने झाकला. साईकुमारने वही मिटली. बिचारी पोरं आनंदाची बातमी घेऊन आली होती.

"सांगितलें नाहीं कोणास?" गिरिधररावांनी विचारलं.

पहिल्या दिवशी गोदाला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशीचं गप्प राहणं आड आलं. तिसऱ्या दिवशी भागवतरांनी कॅसेट मागितली, आणि आईला आठवलं की सरस्वतीपूजेला विश्वेश नमस्काराला आला होता, तेव्हा नक्कल करून घेण्यासाठी त्याने ती कॅसेट मागितली होती. झालं. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. विश्वेश आला, त्याने तंबोऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली, ढसाढसा रडला. भागवतरांनी पाटी उचलली आणि तीन शब्द लिहिले. विश्वेश मठाच्या बाहेर. गोदा दाराआड उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. पुढे मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर सरताना, भागवतर गेले, आणि ते तीन शब्द कायमचे झाले.

"ते विश्वेश आतां कुठें असतात?" कीर्तिने विचारलं.

"येथेंच," गोदाबाई उठत म्हणाल्या. "दहा मिनिटांवर."

"ऊन आहे. संध्याकाळीं जा," गिरिधरराव म्हणाले.

"एक्केचाळीस वर्षें उद्यां जाईन म्हंटलें," गोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पायात चपला अडकवल्या.

विश्वेशचं समयांचं दुकान देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गोदाबाई रोज त्या रस्त्याने स्टेशनला जात, पण दुकान आलं की पलीकडच्या फुलवालीकडे बघत. विश्वेश आता सत्तरीचा आहे. मठात त्याला मज्जाव करणारं कुणी उरलेलं नाही. नव्या मंडळींनी त्याला दहादा बोलावलं, तुम्ही जुने, या, बसा, चार नावं सांगा. तो दर एकादशीला जातो आणि मठाच्या बाहेरच्या पायरीवर बसून ऐकतो. गुरूने बाहेर म्हटलं, म्हणजे बाहेर. त्या शब्दांना तारीख नव्हती.

तो चिंचेने एक समई घासत बसला होता. खांद्यावर पंचा.

"ये गोदा," तो म्हणाला. जणू ती रोज येत असावी. "समई पाहिजे?"

"विश्वेशण्णा, अप्पांची कॅसेट तुम्हीं घेतली नव्हती."

"तें मज ठाऊक आहे," विश्वेश म्हणाला.

गोदाबाईंना रस्ताभर घोटलेलं पुढचं वाक्य आठवेना. त्यांनी दुकानाच्या खांबाला धरलं. "मी पुसली ती. मज ठाऊक नव्हतें, पण मीच. दाराआड उभी होतें. गप्प राहिलीं."

विश्वेशने समई खाली ठेवली. चिंचेचे हात तो बराच वेळ बादलीत धूत राहिला. त्याची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. गोदाबाईंना वाटलं, आता याने एक कानाखाली द्यावी. ते सोपं जाईल.

"कशी पुसली?" त्याने विचारलं.

याला उत्तर म्हणून गोदाबाईंनी कीर्तिकडे पाहिलं. कीर्तिने फोन एका उलट्या घंगाळावर ठेवला. पितळेमुळे आवाज मोठा झाला. नवव्याचा शेवट दुकानभर घुमला, करकर आणि डबे, आणि विश्वेशच्या कपाळावर आठी पडली. कुणी हसलं. खट्.

भागवतर गाऊ लागले.

विश्वेश उठला. गुडघे धरलेले होते तरी एका झटक्यात उठला. त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि कमरेला बांधला. देवासमोर आणि गुरूसमोर इकडचे पुरुष खांद्यावर वस्त्र ठेवत नाहीत. हात जोडून, मान खाली घालून तो उभा राहिला. नाव वर चढत गेलं, त्याच्या मागून ती किणकिण, आणि जोडलेल्या हातांतली त्याची दोन बोटं एकमेकांवर हलकेच आपटू लागली. साईकुमारने ते पाहिलं. किल्ल्याही नव्हत्या आणि पेलेही नव्हते.

खट्. किंकाळी सुरू झाली. कीर्ति पटकन बंद करायला वाकली. विश्वेशने तळहात वर केला, राहू दे. चाळीस सेकंद तो तसाच उभा होता. गोदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आपला तो आवाज पहिल्यांदा त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि त्यांना त्या एकोणीस वर्षांच्या पोरीची दया आली.

संपल्यावरही विश्वेशने पंचा सोडला नाही.

"माझी झांज मागें पडली तेथें," तो म्हणाला. "त्या दिवशीं भागवतर रागावले होते मज. आठवतें."

"अण्णा," गोदाबाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे वळला नाही. क्षमा केली असंही म्हणाला नाही, आणि गोदाबाईंनी ते मागितलंही नाही. त्याने पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं, एवढंच.

"पुन्हा लाव," तो कीर्तिला म्हणाला.

"कोठवर लावूं? अकरा सेकंद?"

"शेवटवर लाव. हिचें पण आहे न त्यांत."

कीर्तिने लावलं. तेवढ्यात एक बाई मुलीच्या लग्नासाठी समई बघायला म्हणून पायरी चढत होती. विश्वेशला कमरेला पंचा बांधून, हात जोडून उभं असलेलं तिने पाहिलं, आणि तिला वाटलं, देवाची स्वारी येतेय. तिने चपला काढल्या, मुलीलाही काढायला लावल्या, आणि हात जोडून ती रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत उभी राहिली.